आवासकरांचा शनिवार

पनवेलमध्ये घराला रंग काढायचा असला आणि चार जणांना विचारलं, तर त्यातला एकजण तरी एफ्राइम आवासकरांचं नाव घेतोच. नाव घेऊन झालं की आवाज खाली आणून वर सांगतो, “माणूस चोख आहे हां, पण शनिवारी येत नाही. नंतर माझ्या नावाने बोंब मारू नका.” ही सूचना इतकी वर्षं दिली जातेय की पाठीमागे लोक त्यांना ‘शनिवारवाले’च म्हणतात. आवासकरांना ते ठाऊक आहे. राग वगैरे काही येत नाही, उलट थोडं बरंच वाटतं.

आवासकर बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. आता ज्यू म्हटलं की नवीन माणूस त्यांच्याकडे असा बघतो, जणू हे कालच विमानातून उतरलेत. अहो, हा माणूस अलिबागकडच्या आवास गावचा! घरात बोलणं मराठी, भांडण मराठी, शिव्या तर अस्सल मराठी. पणजोबांचा तेलाचा घाणा होता. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा थांबायचा तो शनिवारी सूर्य मावळेपर्यंत, म्हणून गाव त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणायचं. शब्बाथ म्हणजे काय, हे गावाला कुणी बसून समजावलं नव्हतं, पण शनिवारी तेल मिळणार नाही एवढं पोराटोरांनाही कळत होतं. पुढे घाणा गेला, गाव सुटलं, शनिवार तेवढा आवासकरांच्या वाट्याला आला.

त्या शनिवारापायीच त्यांनी नोकरी सोडली. तळोज्याला एका कारखान्यात सुपरवायझर होते. चांगली कायमची नोकरी, बस घरापासून न्यायची, बस घराशी आणून सोडायची. मग वरचे साहेब बदलले आणि शनिवारची पाळी सगळ्यांना सक्तीची झाली. आवासकर म्हणाले, मी रविवारी येतो, दिवाळीला येतो, पंधरा ऑगस्टला येतो, पण शनिवार तेवढा सोडा. साहेब म्हणाला, “आज तुम्हाला शनिवार, उद्या कुणाला मंगळवार, परवा कुणाला चतुर्थी. मी कारखाना चालवू की पंचांग?” तसं बघितलं तर त्याचंही चुकलं नव्हतं. आवासकर घरी आले आणि बायकोला, झिल्पाबाईंना, चाचरत चाचरत सांगितलं की राजीनामा टाकलाय. बाई पोळ्या लाटत होत्या. लाटणंसुद्धा थांबवलं नाही. म्हणाल्या, “बरं केलंत. मी म्हणतच होते, तुम्हाला कुणाच्या हाताखाली राहवत नाही.”

तेव्हापासून आवासकर कलर काँट्रॅक्टर. स्वतःच साहेब, स्वतःच शिपाई. भिंत बघायला स्वतः जायचं, रंग आणायला स्वतः, पेंटर रुसले तर समजूत काढायला स्वतः. सहा दिवस मान वर करायला फुरसत नाही आणि सातव्या दिवशी देव जरी दारात आला तरी ब्रश हातात घ्यायचा नाही. यात कितीतरी कामं हातची गेली. “सगळे काँट्रॅक्टर शनिवार-रविवारीच तर घर बघायला येतात, तुम्हालाच काय धाड भरली?” असं तोंडावर बोलणारे भेटले. आवासकर हसून म्हणायचे, “सहा दिवस तुमचे, शनिवार माझा.” आणि खरंच तो त्यांचा होता. काय सुंदर शनिवार असायचे ते!

शुक्रवारी संध्याकाळी झिल्पाबाई दिवे लावायच्या, दुसऱ्या दिवशीचं जेवण आधीच करून झाकून ठेवायच्या, आणि मग चोवीस तास घरात चूल नाही, टीव्ही नाही, फोन नाही. सकाळ उजाडली की मोशे आणि केरेन हजर. मोशे हा आवासकरांचा बालमित्र, बँकेत कारकून. चौघंजण दुपारचं थंड जेवण जेवायचे, गाद्यांवर लोळायचे, एकाच गोष्टीवरून दर आठवड्याला तेच भांडण भांडायचे. मोशे तसा ढिला माणूस. शनिवारी रिक्षात बसायचा, सिगारेट ओढायचा, फक्त आवासकरांच्या घरात नाही, खाली जाऊन भिंतीआड. “एफ्रा,” म्हणायचा, “देवसुद्धा शनिवारी एवढा आराम करत नसेल रे.” पण बाहेर कुणी आवासकरांची थट्टा केली की हाच मोशे अंगावर धावून जायचा. आमचा एफ्राइम म्हणजे एफ्राइम, जग इकडचं तिकडे झालं तरी त्याचा शनिवार हलायचा नाही, असं बँकेत, रिक्षात, न्हाव्याकडे, जिथे मिळेल तिथे सांगत सुटायचा.

मग मोशेची मुलं इस्रायलला गेली आणि मुलांमागे मोशे-केरेनही गेले. अश्दोद नावाचं शहर आहे, समुद्राकाठचं. जाताना मोशे लहान पोरासारखा रडला. फोन करायचा अधूनमधून. “येतो रे, यंदा नक्की येतो,” हे तर दरवर्षीचं. आवासकरांना मूलबाळ नव्हतं. चौघांचे शनिवार दोघांचे झाले, आणि झिल्पाबाई होत्या तोवर दोघांचेही काही वाईट नव्हते. पण तीन पावसाळ्यांमागे त्याही गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या.

आता सांगा, ज्या घरात बोलायला माणूस आहे त्या घरात टीव्ही बंद, फोन बंद हे सुख आहे. बोलायला कुणीच नसेल तर? बाकीचे सहा दिवस आवासकरांचं बरं चालायचं. साइटवर आरडाओरडा, दुकानात गप्पा, गिऱ्हाइकाशी वाद, दिवस कसा सरायचा कळायचं नाही. आणि शुक्रवार मावळला की त्यांच्याच हाताने त्यांच्यावर दार लावलं जायचं. एकटेच दिवा लावायचे. शनिवारी सकाळी उठायचे, देवाचं नाव घ्यायचे, आणि मग दुपार. बाप रे, ती दुपार! शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावर कुणीतरी ओढलेली खुर्ची, खाली गाडी रिव्हर्स घेणाऱ्याला दिलेल्या हाका. आवासकर खाटेवर पडून सगळं ऐकायचे. कधीकधी रविवारी सकाळी दूधवाल्याशी बोलताना घसा खाकरावा लागायचा, कारण आदल्या अख्ख्या दिवसात तो वापरलेलाच नसायचा.

पण शनिवार मोडायचा मात्र नाही. का, तर दुसरं काय उरलं होतं? नोकरी त्यासाठी सोडली, झिल्पाने तो जपला, मोशेने तो गावभर मिरवला. शनिवार मोडला तर आपण कोण, हे आवासकरांना सांगता आलं नसतं. मग ते पनवेलच्या शंभर कलरवाल्यांपैकी एक म्हातारा कलरवाला, बस्स.

कलरवाल्याला कोण लक्षात ठेवतं म्हणा! ही एक या धंद्यातली गंमत आहे. माणूस महिनाभर तुमच्या घरात वावरतो, तुमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यातली ओल त्याला ठाऊक असते, मुलाची खोली निळी की हिरवी यावरून नवराबायकोचं झालेलं भांडण त्याने ऐकलेलं असतं. आणि भिंती वाळल्या की संपलं. “वास्तुशांतीला या हं,” असं सगळेच म्हणतात. सुरुवातीला आवासकर खरंच जायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. दारात घरमालकीण क्षणभर ओळखायचीच नाही, मग म्हणायची, “अय्या, तुम्ही! काही राहिलंय का?” दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी जाणं सोडलं. रंगवलेली घरं त्यांनी शेकड्याने पाहिली, राहतं घर क्वचितच.

तर झालं असं, की दिवाळीनंतर विचुंब्याला एक काम निघालं. नवीन बिल्डिंग, तिसरा मजला, तरुण जोडपं. इंद्रजीत आणि रुचिरा. दोघंही नोकरीवाली, वाशीला भाड्याने राहणारी, पहिलंच स्वतःचं घर. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी वास्तुशांत ठरलेली. आवासकरांचे दोघे पेंटर बिहारचे, ते छठपूजेला गावी गेले ते वेळेवर परतलेच नाहीत. असं दरवर्षी होतं, त्यामुळे आवासकरांनी स्वतःच रोलर हातात घेतला. बासष्टाव्या वर्षी खांदा दुखतो, पण हात अजून सरळ चालतो. सगळं वेळेत झालं. शुक्रवारी दुपारी शेवटची हॉलची भिंत उरकून ते ब्रश धूत होते, तोच रुचिरा आली.

तिने हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि तिचा चेहराच पडला. ती मोठी भिंत तिने स्वतः निवडलेल्या राखाडी निळ्या रंगाची होती.

“काका, हे… हे जरा दवाखान्यासारखं वाटतंय का हो?”

आवासकरांना ते रंग निवडला त्याच दिवशी वाटलं होतं. पण गिऱ्हाइकाच्या आवडीत नाक खुपसायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. ते म्हणाले, “पडदे लागले की बरं दिसेल.”

“सासूबाई येणारेत,” ती म्हणाली, आणि तेवढ्याने सगळं सांगून झालं. मग तिनेच मान हलवली. “जाऊ दे. उद्या तुमचा शनिवार ना? आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत तुम्ही. राहू दे तशीच. नंतर बघू कधीतरी. तुम्ही टेन्शन घेऊ नका हं, काका.”

किती समंजस मुलगी! तिने हट्ट धरला असता, रडली असती, चार शब्द बोलली असती, तर आवासकर ताठ मानेने ‘नाही’ म्हणून घरी गेले असते. अशा ‘नाही’ची त्यांना सवय होती. पण ती तर सोडून देऊन मोकळी झाली. पर्समधून जादाची किल्ली काढून म्हणाली, “ही असू दे तुमच्याकडे, सामान न्यायला लागेल ना? रविवारी भटजी यायच्या आत उचललंत तरी चालेल.” आणि गेली.

आवासकर घरी आले. आंघोळ केली, पुरी-भाजी करून झाकून ठेवली, दिवा लावला. झोप काही लागेना. सारखं मनात येत होतं, एक भिंत. एकच तर भिंत. पोरीची पहिली वास्तू, सासूसमोर तिला खाली बघायला लागणार. हे सगळं खरं होतं. पण त्याच्या खाली आणखी एक खरं होतं आणि ते त्यांना चांगलं दिसत होतं. उद्या दिवसभर या खाटेवर पडून त्यांना कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या नव्हत्या. भिंतीचं नुसतं निमित्त होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी पुरी-भाजी डब्यात भरली आणि दाराला कुलूप लावलं. शनिवारी बाहेरून कुलूप लावायची सवयच नव्हती, किल्ली दोनदा हातातून पडली. समोरच्या अरुंधतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, कान भारी तिखट. त्यांचं दार उघडायच्या आत चोरासारखे जिना उतरून आवासकर स्कूटरवर बसले. फोन मात्र आदल्या संध्याकाळी बंद केला होता तो बंदच राहू दिला. स्कूटर चालवायची, ब्रश धरायचा, पण फोन सुरू करायचा नाही! कुठलं पाप चालेल आणि कुठलं चालणार नाही, याचं गणित त्यांचं त्यांनाच माहीत.

विचुंब्याच्या त्या बिल्डिंगचा वॉचमन धर्मराज तिथलाच, गावातला. आवासकरांना बघून तो खुर्चीतून उठलाच.

“काका, आज शनवार हाय ना? तुमी तर शनवारी येत नाय.”

“आज आलो,” आवासकर म्हणाले.

“मंग बरा हाय ना सगला?”

“सगळं बरं आहे रे बाबा. तू बस.”

धर्मराजने आणखी काही विचारलं असतं तर ते तिथूनच परत फिरले असते. पण बिचारा बसला. आवासकर वर गेले, दार लावलं, आणि रिकाम्या हॉलमध्ये पाच मिनिटं नुसतेच उभे राहिले. आता छत कोसळेल की काय, असंच वाटत होतं. काही कोसळलं नाही. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर कुणाचातरी कुत्रा भुंकत होता. त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि भिंत घासायला सुरुवात केली.

आणि काय सांगू, तो दिवस छान गेला! हेच तर वाईट आहे. रडतखडत, मन खात खात गेला असता तर एकवेळ ठीक होतं. आवासकर चक्क गुणगुणायला लागले. आतल्या खोल्यांतून उरलेल्या पिवळ्यात थोडा तांबूस मिसळून त्यांनी गव्हाळ रंग तयार केला, पहिला हात दिला, तो वाळेपर्यंत रंगाच्या उलट्या बादलीवर बसून थंड पुरी-भाजी खाल्ली, मग दुसरा हात दिला. त्या भिंतीशी बोललेसुद्धा. “आता कशी दिसतेस! काल तोंड बघवत नव्हतं तुझं.” झिल्पा गेल्यापासून शनिवारची दुपार कधी आली आणि कधी गेली हे त्यांना पहिल्यांदाच कळलं नाही. मनातून एक आशा होती, की रुचिरा नाहीतर इंद्रजीत सामान ठेवायला म्हणून येतील, भिंत बघतील, ‘अहो काका’ म्हणून ओरडतील. कुणी आलं नाही. उजेड उतरायला लागला. दिवा लावायचं त्यांच्या जिवावर आलं, शनिवार ना! म्हणून अंधुक उजेडात चाचपडत ब्रश धुतले, सामान उचललं आणि निघाले.

आपल्या बिल्डिंगचा जिना चढताना मनाशी ठरवत होते, कुणाला कळणार आहे? देवाला कळलं असेल, पण देव आणि मी बघून घेऊ.

अरुंधतीबाई दारातच उभ्या होत्या.

“आवासकर! अहो कुठे होतात दिवसभर?” त्यांचा आवाज नेहमीपेक्षा वर गेला होता. “तुमच्याकडे पाहुणे येऊन गेले.”

“माझ्याकडे?”

“मोशे म्हणाले नाव. बरोबर त्यांच्या मिसेस होत्या. इस्रायलहून आलेत, ठाण्याला भाचीचं लग्न होतं म्हणे. सकाळी आले हो, तुम्ही बाहेर पडला असाल तेवढ्यातच. बेल वाजवली, दार ठोकलं, हाका मारल्या, मग कुलूप दिसलं. मी म्हटलं, थांबा, फोन लावते. तर माझा हात धरला त्यांनी. म्हणाले, नको नको, आज तो फोनला हात लावत नाही. येईल, आत्ता येईल, शनिवारी जाऊन जाऊन जातो कुठे.”

आवासकरांच्या हातातली पिशवी खाली टेकली.

“मी आत बोलावलं. मिसेस आल्या आत, ते काही येईनात. जिन्यातच बसून राहिले. म्हणे, मी आत बसलो आणि तो तेवढ्यात आला तर? मला त्याचं तोंड बघायचंय. जेवायचं ताट वाढलं तर तेही जिन्यातच खाल्लं. ऊन कललं तोवर बसले होते बघा. मग मात्र त्यांना निघायलाच लागलं, रात्रीचं विमान होतं, सामान ठाण्याला.” बाईंनी डोळ्यांना पदर लावला. “मी तरी काय सांगणार त्यांना? शनिवारी तुम्ही घरात नाही, असं मी इथे राहायला आल्यापासून पाहिलेलं नाही.”

आवासकर कसेबसे आत आले. फोन सुरू केला. एकही मिस्ड कॉल नव्हता. मोशेसारख्या ढिल्या माणसाने, स्वतः सिगारेट ओढणाऱ्या माणसाने, दिवसभर जिन्यात बसून त्यांचा शनिवार सांभाळला होता. त्यांनी नंबर लावला.

“एफ्रा!” मोशेच्या मागे विमानतळाचा गलका होता. “संपला रे बाबा तुझा शब्बाथ! गाढवा, कुठे होतास?”

“मोशे, तू… सांगायचं नाही आधी?”

“सांगितलं असतं तर काय मजा! दारात उभं राहून तुझे डोळे बघायचे होते मला. ते राहिलंच. जाऊ दे. आधी तर केरेन घाबरली, काही झालं तर नाही ना म्हणून. मी म्हटलं, वेडे, बाहेरून कुलूप आहे. मग बसल्या बसल्या विचार केला. एफ्रा कामाला तर जाणार नाही. मेला तरी शनिवारी कामाला जाणार नाही. मग शनिवारी घर सोडून जाईल कशाला? तर कुणाच्यातरी घरी जेवायला! कुणीतरी बोलावलं असणार, अगदी जवळचं, ज्याला नाही म्हणता येत नाही असं. बरोबर ना?”

आता बोलायचं होतं. ‘मोशे, मी कामाला गेलो होतो.’ एवढं एक वाक्य, लहान पोरालाही जमेल असं. आवासकरांनी तोंड उघडलं. समोर जिन्यात बसलेला मोशे दिसत होता, ताट मांडीवर घेऊन.

“हो,” ते म्हणाले.

“बघ! ओळखलं की नाही! कोण रे? आपल्यातले?”

“नाही. विचुंब्याला आहेत. इंद्रजीत आणि रुचिरा. काका म्हणतात मला.”

“अरे वा! आणि जेवायला काय होतं?”

“वरण-भात,” आवासकर म्हणाले. “अळूचं फदफदं. श्रीखंड.” एवढं सांगून त्यांना वाटलं कमी झालं, म्हणून आणखी म्हणाले, “आग्रह फार करतात. उठूच देत नव्हते.”

मोशे तिकडे बायकोला ओरडून सांगत होता, “ऐकलंस का? श्रीखंड! उठू देत नव्हते म्हणे! आणि तू उगाच रडत होतीस.” मग पुन्हा फोनवर आला आणि आवाज जरा उतरवून म्हणाला, “खरं सांगू, एफ्रा? आम्ही तुला न्यायला आलो होतो.”

“न्यायला?”

“केरेन वर्षभर माझ्या मागे लागलीय. धाकटा लग्न करून वेगळा झाला, त्याची खोली रिकामी आहे. एफ्राइमभाऊंना घेऊन या, एकटे कशाला राहतात तिथे, शनिवारी आपण पुन्हा एकत्र बसू. फोनवर विचारलं की तू नाही म्हणतोस, म्हणून म्हटलं समोर बसून विचारू, पाय धरू. बोलणी पण पाठ करून आलो होतो बघ.” मोशे हसला. “पण कुलूप बघितलं आणि बरं वाटलं रे. फार बरं वाटलं. तुझी इथे माणसं आहेत, घरी बोलावणारी, शनिवार सांभाळणारी. आता तुला तिथून उपटून कशाला न्यायचं? थांब, केरेनला बोलायचंय.”

आवासकरांना ओरडून सांगावंसं वाटलं, की नाहीत रे, कुणी नाहीत, मी एका रिकाम्या घरात बादलीवर बसून जेवलो. पण ते सांगायचं तर शनिवारही सांगावा लागत होता.

“भाऊ,” केरेनचा आवाज आला, “जीव भांड्यात पडला हो माझा. झिल्पा गेल्यापासून मला झोप नव्हती. त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा.”

“सांगतो, वहिनी.”

“आणि एकटं वाटून घेऊ नका.”

“नाही वाटत,” आवासकर म्हणाले. “आहेत ना माणसं.”

विमानाची सूचना सुरू झाली, मोशेने ‘येतो रे, पुढच्या वर्षी’ म्हणून फोन ठेवला. आवासकर खुर्चीवर बसले आणि हमसून हमसून रडले. अरुंधतीबाईंना समोर ऐकू गेलं असेल, पण त्या आल्या नाहीत. जुन्या मित्राची चुकामूक झाली म्हणून रडतात, असंच त्यांना वाटलं असणार.

रविवारी दुपारी रुचिराचा मेसेज आला, भिंत एकदम मस्त झालीय काका, थँक्यू, आणि खाली दोन जोडलेले हात. जेवायला या, असं त्यात नव्हतं. आवासकरांनी तो बराच वेळ बघितला आणि उत्तरादाखल तेच जोडलेले हात पाठवले.

पेंटर गावाहून परतले, नवीन काम लागलं, आणि आवासकर पुन्हा गिऱ्हाइकांना सांगायला लागले, सहा दिवस तुमचे, शनिवार माझा. लोक मान डोलावतात. शनिवारी आवासकर दिवसभर घरात असतात, खुर्ची ओढून बसलेले, आणि दार सताड उघडं. पहिल्या शनिवारी अरुंधतीबाईंनी विचारलं, “कुणी यायचंय का हो?”

“नाही,” आवासकर म्हणाले, “कुणी नाही.”

तरीही दार त्यांनी लावलं नाही.